मुठीचा डबा

अंबाजी बिरादारांचं अक्षर बघायचं असेल तर ते ट्यूबच्या टोपणावर बघावं. टोपण केवढं, तर करंगळीच्या नखाएवढं. पण त्यावर औषधाचं नाव, प्रमाण, तारीख आणि कडेला आपली सही, एवढं सगळं ते असं बसवत की भिंगाशिवाय वाचता यावं. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत, पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं टेक्निशियन होते. प्रोफेसर बदलले, यंत्रं बदलली, मुलं डॉक्टरेट मिळवून परदेशी गेली, पण फ्रीजरच्या कोणत्या खणात काय आहे हे शेवटी अंबाजींनाच विचारावं लागे. ते विचारलेलं त्यांना फार आवडे, आणि आवडतं हे ते लपवतही नसत.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘अंबाजी गारू’ म्हणत. तेलुगू माणूस आदरानं असं गारू लावतो. प्रमुख असलेल्या डॉक्टर वसुंधरा मॅडमसुद्धा लावत. दीड वर्षापूर्वी रसिका नावाची मुलगी पीएचडीला आली. मूळची पुण्याची, आईवडील कंपनीच्या नोकरीमुळे कुकटपल्लीत राहायला आलेले. पहिल्याच दिवशी त्यांचं आडनाव ऐकून म्हणाली, “बिरादार म्हणजे तुम्ही मराठी? मग मी काका म्हणू ना तुम्हाला?”

अंबाजी तिथल्या तिथे विरघळले. दिलसुखनगरच्या घरात बायको गंगू सोडली तर मराठी बोलायला त्यांना कोणी उरलं नव्हतं. मुलगा रितेश नोकरीला बंगळुरूला गेला आणि फोनवर आईशीसुद्धा हिंदीत बोलू लागला होता. इथे ही पोरगी रोज सकाळी पाठीवरची सॅक उतरवता उतरवता, “काका, चहा झाला?” म्हणून विचारी. त्यांच्या मराठीची थट्टाही करी. 

“काका, नक्को हा काही मराठी शब्द नाही.”

“आसं कसं? आमच्या मराठीत हाय की. तुमच्या पुण्यात नसंल तर आम्ही काय करावं, बेटा?”

रसिकाचं काम एका प्रथिनावर होतं. पेशीत प्रथिनं तयार होत असतात तशी मोडीतही निघत असतात. ज्याचं काम संपलं त्या प्रथिनाला खूण लावायची आणि दळून टाकायचं, अशी तिथली रीत. दळणाऱ्या त्या यंत्राचं नाव प्रोटियाझोम. अंबाजींनी गंगूला ते गिरणीच्या भाषेत समजावलं होतं. गिरणीत खडा अडकला की दळण थांबतं आणि दाण्यांचा ढीग साचतो. असा खडा घालणारं औषध असतं, इनहिबिटर. ते पेशींवर घातलं आणि आपलं प्रथिन साचलं, म्हणजे ते त्याच गिरणीत दळलं जात होतं हे कळतं. नाही साचलं, तर त्याचा नाश दुसरीकडे कुठेतरी होतोय. रसिकाची सारी पीएचडी या एका प्रश्नावर उभी होती. 

हे औषध मोठं नाजूक. भुकटी विरघळवायची, थेंब थेंब छोट्या ट्यूबांत वाटून गोठवायची आणि लागेल तशी एक एक ट्यूब काढायची. एकदा वितळलेली ट्यूब पुन्हा गोठवायची नाही. तळाशी उरेल ते फेकून द्यायचं. हा नियम अंबाजी नव्या मुलांना स्वतः सांगत. आणि स्वतः पाळत नसत.

त्याचं मूळ फार मागे आहे. त्यांचे वडील भालकी गावाकडून हैदराबादला आले आणि अफझलगंजात एका धान्याच्या आडतीवर तोलाईला लागले. घरात खाणारी तोंडं नऊ. आई रोज ज्वारी दळायला काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाके. त्याला मुठीचा डबा म्हणत. वडील पाय मोडून तीन महिने घरी बसले तेव्हा या डब्यानं घर जगवलं. अंबाजी तेव्हा अकरा वर्षांचे होते. डब्याच्या तळाला हात लागेपर्यंत वडील उठून चालू लागले, हे ते अजून सांगत.

पुढे नोकरी लागली तेव्हा प्रयोगशाळेत औषधं परदेशातून यायची आणि पाच पाच महिने यायची नाहीत. तेव्हाच्या प्रोफेसरांना एकदा ऐन वेळी कसलंसं रसायन कमी पडलं आणि अंबाजींनी फ्रीजरच्या खालच्या खणातून उरलंसुरलं जमवून ठेवलेलं काढून दिलं. प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. झालं! त्या दिवसापासून खालच्या खणात एक निळा प्लास्टिकचा डबा कायमचा बसला. वर मराठीत लिहिलं होतं, ‘मूठ’. तेलुगू पोरांना ते वाचता येत नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. विचारलं ते रसिकानं. अंबाजींनी आईची गोष्ट सांगितली, तर तिचे डोळे पाणावले. “काका, किती छान,” म्हणाली. डब्यात काय काय आहे हे मात्र तिनं विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात इनहिबिटरची नवी मागणी कुठल्याशा मंजुरीत अडकली. होता तो साठा मॅडमनी सुरेशला दिला, कारण त्याचा शोधनिबंध शेवटच्या टप्प्यात होता. सुरेश सगळ्यांत जुना विद्यार्थी. “रसिकाला थोडं थांबावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. रसिकाचा चेहरा एवढासा झाला. अंबाजींना ते बघवेना. आपण असताना आपल्या पोरीनं थांबायचं? त्यांनी खालचा खण ओढला. वर्षभर सगळ्यांच्या ट्यूबांच्या तळाशी उरलेले थेंब मुठीच्या डब्यात होते. काही दोनदा वितळलेले, काही चारदा. त्यांनी ते एकत्र केले, नव्या कोऱ्या ट्यूबांत वाटले आणि टोपणांवर त्या दिवसाची तारीख घातली. ट्यूब आज भरली, मग तारीख आजचीच की! स्वतःच्या मनाला त्यांनी दिलेलं उत्तर एवढंच होतं, आणि मनानंही फार चौकशी केली नाही.

“बेटा, घे. तुझ्यासाठी करून ठेवल्यात. कायकू काळजी करायलीस, मी हाय ना?”

रसिकानं त्या दिवशी त्यांना चक्क वाकून नमस्कार केला होता.

मग सुरू झाले ते पाच महिने. रसिका पेशी वाढवी, औषध घाली, सहा तास थांबे, प्रथिनं काढी, पट्टीवर उतरवी आणि पट्टी जवळजवळ कोरी येई. तिचं प्रथिन साचत नव्हतं. बरं, ते न साचो, पण औषध चाललं की दळायच्या खुणेची सगळीच प्रथिनं साचून पट्टीवर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा यायला हवा. तोही नुसता धुरकट. तिनं पेशी बदलल्या, वेळ बदलली, सगळं काम पहिल्यापासून तीनदा केलं. एकदा तिनं विचारलंसुद्धा, “काका, औषध तर ठीक असेल ना?” अंबाजींनी ट्यूब तिच्यासमोर धरली. “तारीख बघ की.” तिनं बघितली आणि ओशाळून म्हणाली, “सॉरी काका. तुमच्यावर काय शंका घ्यायची!”

इथपर्यंत अंबाजींना खरोखरच काही कळलं नव्हतं असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारच्या बैठकीत मॅडमनी सुरेशची आणि रसिकाची पट्टी शेजारी शेजारी पडद्यावर लावली. पेशी त्याच, यंत्र तेच, आठवडाही तोच. सुरेशच्या पट्टीवर डांबर ओतल्यासारखा काळा पट्टा, आणि रसिकाच्या पट्टीवर राखेचं बोट फिरवावं तसं काहीतरी. अंबाजी मागच्या खुर्चीत बसले होते. दोघांत फरक कशाचा, तर फक्त ट्यूबचा. एकतीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाला ते कळायला किती वेळ लागणार? नेमकं तेव्हाच मॅडमनी मागे वळून विचारलं, “अंबाजी गारू, रसिकाची ट्यूब ताजीच आहे ना?”

सात माणसं त्यांच्याकडे बघत होती. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते, शाल-श्रीफळाची बोलणी चालू झाली होती. एकतीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. 

“एकदम ताजी हाय, मॅडम. तारीख घातलीय.”

मॅडमनी मान हलवली आणि रसिकाकडे वळल्या. “मग हा तुझ्या हाताचा दोष आहे, रसिका. पाच महिने कमी नाहीत. चौदा तारखेला समिती बसते आहे. तोवर जमलं नाही तर तुला पीएचडीत ठेवायचं की नाही, हे त्यांना विचारावं लागेल.”

रसिकानं मान खाली घातली. खाली तर अंबाजींनी घालायला हवी होती, पण ते ताठ बसून राहिले. पुढे हे आठवलं की त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या ताठ पाठीचीच वाटे.

दुसऱ्या दिवशी ते तासभर लवकर आले. सुरेशच्या साठ्यातली एक नवी ट्यूब काढून रसिकाच्या रॅकमध्ये ठेवली आणि तिच्या जुन्या ट्यूबा कचऱ्यात टाकल्या. नव्या ट्यूबवर जुन्यासारखीच सही, जुन्यासारखंच अक्षर. चोरानं घरात शिरून घेतलेली वस्तू जागेवर ठेवून यावी तसं ते काम होतं, आणि करताना हातही तसेच चालत होते. कोणाचं नुकसान तर होत नाही ना, असं ते स्वतःला समजावत राहिले.

चार दिवसांनी रसिका पट्टी हातात घेऊन धावत आली. काळा पट्टा! आणि त्याच्या शेजारी तिचं प्रथिन, ठसठशीत साचलेलं. तिनं आनंदानं त्यांचे दोन्ही हात धरले. “काका, आलं! माझा हात सुधारला बघा!” सुरेशनं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, आता नीट लक्ष दिलंस तर जमलं की नाही? दुसऱ्या दिवशी रसिकाच्या आईनं अंबाजींसाठी स्टीलचा डबा भरून बेसनाचे लाडू पाठवले. रसिकानं डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आई म्हणाली, काकांनी एवढं सांभाळून घेतलं, त्यांना आधी दे.”

अंबाजींनी एक लाडू तोंडात घातला. मग डब्याचं झाकण लावलं आणि तो टेबलाच्या खणात सारला. 

सुटले होते ते, खरं तर. कोणाला काही कळलं नव्हतं आणि पोरीचं कामही मार्गी लागलं होतं. जूनमध्ये शाल घेऊन घरी जायचं, बस. पण तेरा तारखेला दुपारी रसिका आपली प्रयोगवही घेऊन आली. या वहीतली पानं फाडायची नसतात. चुकलेल्या पानावर आडवी रेघ मारून कारण लिहायचं, सही करायची आणि खाली साक्षीदाराची सही घ्यायची, हा तिथला नियम. रसिकानं पाच महिन्यांच्या एकेचाळीस पानांवर रेघा मारल्या होत्या. प्रत्येक पानावर तांबड्या शाईत एकच ओळ होती: प्रयोग फसला, कारण माझी हाताळणी.

“उद्या वही समितीसमोर जाणार ना, काका. साक्षीदार म्हणून तुमची सही हवी. हाताची खोट आहे असा शेरा मारतील म्हणे, मारू देत. खोटं तर नाही ते.” ती जराशी हसली. “मला आता थेंब मोजायला पिपेट उचलताना भीती वाटते, माहितीये? दर वेळी वाटतं, या हातांनी परत बिघडणार.”

अंबाजींनी पेन उघडलं. पहिल्या पानावर टेकवलं. पेन जागचं हलेना. एकतीस वर्षांत लाखभर सह्या केलेला हात, आणि तो नको म्हणत होता.

“सकाळी करतो, बेटा. चष्मा... चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा खिशातच होता. तिला तो दिसतही होता. ती बरं म्हणून गेली, तेव्हा अंबाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी गंगूनं पिशवीतून डबा काढला आणि उघडून बघितला. “लाडू तसेच कसं परत आणलाव? गोड नक्को म्हणाला का डॉक्टर?”

अंबाजी पाटावर बसले आणि सगळं बोलून गेले. मुठीचा डबा, तारीख, बैठक, नवी ट्यूब, तांबड्या ओळी, खिशातला चष्मा. गंगू भाकरी थापत होती. तिनं गॅस बंद केला आणि पिठाचे हात तसेच धरून ऐकत बसली. शेवटी अंबाजी म्हणाले, “आईची रीत चालवली, एवढंच की गं. वाया जाऊ दिलं न्हाई.”

“आत्याबाईचं नाव नका काढू यात,” गंगू म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंबाजींनी मान वर केली. “मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यात. मूठ टाकायच्या आधी आत्याबाई ते दाणं ताटात पसरून उजेडात बघत होत्या. किडका एक दाणा डब्यात जाऊ देत नव्हत्या. म्हणायच्या, वक्ताला लेकरांनी खायचं हाय हे. तुमी बघितलाव का, काय टाकायलाव डब्यात?”

आईचा डबा अंबाजींनी जन्मभर मिरवला होता. आईचं ताट त्यांना आठवतच नव्हतं.

सकाळी गंगूनं तो स्टीलचा डबा घासून, त्यात ज्वारीचे धपाटे भरून दिला. रिकामा डबा परत कसा द्यायचा? “आधी सांगा, मग द्या,” एवढंच म्हणाली.

अंबाजी फ्रीजरमधून निळा डबा काढून तसाच मॅडमच्या टेबलावर घेऊन गेले. डब्यावर बर्फाचे कण होते. ते वितळून मॅडमच्या कागदांवर ओघळ जाऊ लागला आणि ते पुसत पुसतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. 

“मी तुम्हाला विचारलं होतं, गारू. सगळ्यांसमोर.”

“हौ, मॅडम. आणि मी खोटं बोललो. तोवर मला कळलं होतं.”

“मग सांगायचं तेही सगळ्यांसमोर.”

दहा वाजता तीच सात माणसं त्याच खोलीत बसली. अंबाजी उभे राहिले. मोडक्या इंग्रजीत आणि हिंदीत त्यांनी सांगितलं: पाच महिने रसिकाला दिलेलं औषध पुन्हा पुन्हा गोठवलेलं उष्टं होतं, तारीख खोटी होती, तिचे हात पहिल्यापासून चांगले होते. सुरेश खिडकीबाहेर बघत राहिला. कोणी रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं अंबाजींना वाटलं. रसिका टेबलावरच्या निळ्या डब्यावरचं अक्षर बघत होती. तिथे ते वाचता येणारी ती एकटीच होती.

नंतर ती वही घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. वही उघडून समोर ठेवली आणि बाजूला उभी राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही. अंबाजींनी खिशातून चष्मा काढला, चढवला आणि एकेचाळीस पानांवर तिच्या तांबड्या ओळीखाली काळ्या शाईत लिहिलं: औषध खराब होते. मी दिले. विद्यार्थिनीची चूक नाही. प्रत्येक पानावर पूर्ण सही आणि त्या दिवसाची तारीख. सगळं व्हायला पाऊण तास लागला. रसिका तेवढा वेळ उभीच होती. विसाव्या पानाच्या सुमारास त्यांचं अक्षर बिघडू लागलं. तिनं पान उलटून दिलं.

दुपारी समिती बसली. शेरा मारला गेला नाही. वाया गेलेले पाच महिने तिला वाढवून मिळाले. निळा डबा मॅडमनी रिकामा करून टाकायला सांगितला आणि अंबाजींनी तो स्वतःच्या हातानं टाकला. त्यांच्याबद्दल काय ठरलं ते त्यांनी विचारलं नाही.

चार वाजता ते धपाट्यांचा डबा घेऊन रसिकाच्या टेबलाशी गेले. ती दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची तयारी करत होती. हातात पिपेट होती आणि हात स्थिर होता. 

“बेटा, तुझ्या आईचा डबा. गंगूनं धपाटे दिलेत.”

तिनं पिपेट खाली ठेवली, हातमोजे काढले आणि डबा दोन्ही हातांनी घेतला. वागण्यात कसली कसर नव्हती. मग अंबाजींनी सकाळी तिच्यासाठी भरलेली ताजी ट्यूब तिनं रॅकमधून उचलली, टोपण उजेडात धरून तारीख वाचली आणि कपाटातलं औषधांच्या साठ्याच्या नोंदीचं रजिस्टर उघडून ती पडताळून पाहिली. पडताळून झाल्यावर रजिस्टर मिटलं.

“थँक्यू, अंबाजी गारू,” ती म्हणाली.

अंबाजी हौ म्हणाले आणि फ्रीजरचं दार नीट लागलंय का ते बघायला गेले.